सहा खुर्च्यांची खोली

"तुम्हीसुद्धा खुर्चीवर बसायचं, द्वारकाबाई," मॉरीनताई हिंदीत म्हणाल्या.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले होते. "मला इथंच बरं आहे, ताई. खुर्चीत माझे पाय लोंबकळतात."

"लोंबकळू देत. या खोलीत कुणी वर नाही, कुणी खाली नाही."

खोलीत सहा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सगळ्या सारख्या, पिवळ्या गादीच्या. पाच भरल्या होत्या. सहावी माझी, आणि ताई सोडल्या तर तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मिनसाहेबांच्या घरी मी नऊ वर्षं स्वयंपाक करत होते, पण त्यांच्यासमोर खुर्चीवर कधी टेकले नव्हते. साहेब आपल्या गुडघ्यांवर ठेवलेले हात बघत राहिले. शेवटी त्यांच्या आईनं हनुवटीनं खूण केली, तेव्हा मी उठले.

ही म्हातारी दोन महिन्यांपूर्वी कोरियाहून आली होती. तिला सगळे हाल्मोनी म्हणायचे, म्हणजे आजी. तिच्या शेजारी सूनबाई, माझी मॅडम. घरात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारायचं नाही. ती हारिनची आई, एवढंच. आपल्याकडेही असंच चालायचं, त्यामुळं मला ते कधी परकं वाटलं नाही. आणि समोर हारिन. पंधरा वर्षांची. अंगातला स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा खांद्यावरून लोंबत होता. सहा वर्षांची असताना ती माझ्या हाताशी आली आणि मराठी बोलायला माझ्याकडून शिकली. मला ती इमो म्हणायची. इमो म्हणजे मावशी; तिचं ऐकून घरातले सगळेच मला तसं म्हणायला लागले.

मॉरीनताई कॅनडाच्या. वीस वर्षांपासून पुण्यात होत्या. घरातल्या माणसांना एकत्र बसवायचं आणि मनातलं बोलायला लावायचं, हे त्यांचं काम. जेवणाच्या वेळी घरात जो जो असतो त्यानं यायचं, असा त्यांचा नियम होता. म्हणून मीही गेले होते.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना तिथं नेलं मीच.

आमच्याच इमारतीत, दोन मजले वर, एक जर्मन कुटुंब राहायचं. दुपारी मी त्यांच्याकडंही काम करायची. त्यांचा मुलगा येन्स दारं आपटायचा, एकदा आरसा फोडला, शाळेत जायचं बंद केलं. मग मॉरीनताई त्यांच्या घरी यायला लागल्या. एके दिवशी त्या पोरानं बापाच्या तोंडावर सांगितलं, "तू मला आवडत नाहीस. तू घरात असलास की मला घर नको वाटतं." मी ओट्याजवळ उभी; ताईंनी मलाही ते हिंदीत सांगितलं. मला वाटलं, आता याच्या कानाखाली वाजणार. तर तो सहा फुटी बाप ढसाढसा रडायला लागला. पोरगंही रडलं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि अर्ध्या तासात मला म्हणाले, कांद्याची भजी करता का? मी डोळ्यांनी बघितलं हे. महिनाभरात येन्स बॅट घेऊन खाली खेळायला जायला लागला.

मला वाटलं, हे तापाच्या औषधासारखं असणार. बाटली एकच, घर कुठलंही असो.

म्हणून हारिन वाळायला लागली, शाळेतून चिठ्ठी आली आणि मॅडम मोरीपाशी उभी राहून नुसतं पाणी सोडत राहिली, तेव्हा मी तिला नाव सांगितलं. "मॅडम, ती बाई चांगली आहे. वरच्या पोराला तिनंच माणसात आणलं."

तर आम्ही असे त्या खोलीत बसलो होतो.

"हारिन," मॉरीनताई म्हणाल्या, "जेवायच्या टेबलावर तुला काय होतं ते आज आप्पांना सांग. त्यांच्याकडे बघून सांग."

वडिलांना तेही आप्पाच म्हणतात. हारिन खाली बघत राहिली. त्या घरात मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा लावणं म्हणजे उद्धटपणा. साहेब बोलत असले की पोरीनं त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडं बघायचं, त्याच्या वर नाही. ताईंना वाटलं ती घाबरली आहे. त्या गोडीत म्हणाल्या, "घाबरू नको. वर बघ." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिनं मान वर केली. तिचा गळा नुसता हलत होता.

मग ती इंग्रजीत बोलली. बराच वेळ बोलली. ताईंनी ते मला हिंदीत सांगितलं, कारण गोलात बसलेल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

"ती म्हणते, आप्पा समोर असले की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ते माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना मी दिसत नाही, माझे मार्क दिसतात. मला त्यांचा राग येतो. खूप राग येतो."

हाल्मोनीला इंग्रजी येत नव्हतं. तिला कोरियनमध्ये सांगायचं काम सूनबाईकडं होतं. मॅडम सासूच्या कानाशी वाकली. मला त्यांची भाषा बोलता यायची ती स्वयंपाकघरापुरती, मीठ घाल, झाकण ठेव, जळलं, पुरे. पण नऊ वर्षांत कळायला सगळं लागलं होतं.

मॅडम म्हणाली, "हारिन म्हणते, माझे मार्क कमी पडतात, आप्पांना काळजी लागते, याचं मला वाईट वाटतं. माझं चुकलं, म्हणते."

मी हारिनकडं बघितलं. तिला दोन्ही भाषा येत होत्या. आपण काय बोललो आणि आईनं त्याचं काय केलं, हे तिनं तिथंच बसून ऐकलं. तिची मान परत खाली गेली.

हाल्मोनी पुढं झुकली आणि तिनं नातीचा हात थोपटला. "शहाणी माझी. चुकलं म्हणाली ना, झालं मग."

मॉरीनताईंचा चेहरा उजळला. त्यांना शब्द कळले नव्हते, थोपटणं दिसलं होतं. "बघा, आजीनं किती मायेनं ऐकून घेतलं! मिनसाहेब, तुम्हाला हारिनला काय सांगावंसं वाटतं?"

साहेबांचं इंग्रजी चांगलं. चाकणच्या कारखान्यात दोनशे माणसांना तेच सांभाळायचे. त्यांनीही दोन्ही ऐकलं होतं, मुलीचं आणि बायकोचं. ते खुर्चीच्या कडेला सरकून बसले.

"थँक यू," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते समजलं नाही.

ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडं वळल्या. "द्वारकाबाई, ताटं तुम्ही वाढता, डबा तुम्ही भरता. तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असणार. हारिन घरात जेवते का?"

आता सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला माहीत होतं. चाळीस दिवस झाले, शाळेतून डबा भरलेलाच परत यायचा. आई बघायच्या आत मी तो रिकामा करायची. खाली वॉचमनकडं एक कुत्री होती, तिला घालायची. टेबलावर हारिन घास गालात धरायची आणि रुमालात काढायची. तो रुमालही मीच धुवायची. "इमो, ओम्माला दाखवू नको ना," ती आईबद्दल म्हणायची. "ती रडते मग. मी उद्या खाते, शप्पथ." मला वाटायचं, वय आहे, जाईल. आणि मला वाटायचं, निदान मला तरी ही सांगते आहे. तेही सांगायची बंद झाली तर?

मी मॅडमकडं बघितलं. सासूसमोर, नवऱ्यासमोर, परक्या बाईसमोर ती ताठ बसली होती, पण मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट आवळली होती. तिच्या पोरीला तिनं उपाशी ठेवलं असं मी कसं म्हणू? मी स्वयंपाकीण.

"जेवते की," मी म्हटलं. "कमी जेवते, पण जेवते."

मॅडमचे खांदे खाली आले. ताईंनी तेही लिहून घेतलं.

खाली गाडीत बसताना हारिन माझ्याजवळून गेली. थांबली नाही. हळूच मराठीत म्हणाली, "इमो, तू पण?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दुपारचं वाढत होते. हाल्मोनीनं चमचा उचलला, मग साहेबांनी, मग मॅडमनं, शेवटी हारिननं. तिथं तसाच क्रम असतो. मोठ्यानं उचलल्याशिवाय लहानानं हात लावायचा नाही. दोन घास झाले आणि साहेब खाली बघतच म्हणाले, "मार्चमध्ये हारिन कोरियात देगूला जाईल. काकाच्या गावी. तिथं अभ्यासाचं वसतिगृह आहे. मी बोललो आहे."

"हो, आप्पा," हारिन म्हणाली. तिनं भाताचा घास तोंडात घातला आणि गालात धरला. मी तिच्या गालाकडं बघत उभी राहिले.

सोमवारी सकाळी मी कामावर आले तर न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. दार ढकललं. हारिन फरशीवर पडली होती, डोळे अर्धे उघडे. मी तिला उचललं. मी साठीच्या उंबरठ्यावर, गुडघे गेलेले, तरी मी तिला एकटीनं उचललं. पंधरा वर्षांची पोरगी अशी उचलता यायला नको होती.

मॅडमनं तिला साखरेचं पाणी पाजलं, पांघरूण घातलं आणि माझा दंड धरून मला गॅलरीत नेलं.

"इमो, हाल्मोनीला नको. साहेबांना नको. प्लीज. मी बघते."

"मॅडम, डॉक्टर..."

"मी बघते."

तिचे ओठ पांढरे पडले होते. मी मान हलवली. पण स्वयंपाकघरात आले तर माझे हात चालेनात.

हाल्मोनी तिथं खाली बसली होती. पुढ्यात कागद पसरून सोयाबीनच्या लांब मोडांची एकेक शेपटी खुडत होती. हे काम तिला दुसऱ्या कुणी केलेलं आवडायचं नाही. माझ्याशी ती फारसं बोलायची नाही. मीठ कमी, आच मोठी, एवढंच. मी तिच्यासमोर बसले आणि मोड निवडायला लागले. तिनं मला मूठभर जास्त दिले.

माझ्याजवळ असलेल्या तेवढ्या शब्दांत मी बोलले. "हाल्मोनी, पोर जेवत नाही. डबा मी टाकला. चाळीस दिवस. आज पडली. परवा मी खोटं बोलले."

तिचे हात थांबले नाहीत. एक शेपटी खुडली, दुसरी खुडली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या समजण्यात चूक झाली. "काय माहीत आहे?"

"इमो, मी चार पोरं वाढवली. एक घालवलं. भुकेलं मनगट मला ओळखू येत नाही?"

"मग परवा... मॅडमनं तुम्हाला जे सांगितलं..."

"तेही माहीत आहे. माफी मागणाऱ्या पोरीचा चेहरा असा असतो का? सून खोटं बोलत होती."

"मग तुम्ही तिला शहाणी का म्हणालात?"

आता तिनं माझ्याकडं बघितलं, जणू मीच अडाणी. "नाहीतर काय म्हणू? त्या परक्या बाईसमोर माझ्या सुनेला खोटारडी म्हणू? ती माझ्यासाठी खोटं बोलली. माझ्या मुलाची लाज राखायला बोलली. मी ऐकलं नाही असं दाखवलं, म्हणून तिला तिथं बसता आलं."

"आणि साहेब?"

"तो सगळं समजला." ती बोटांकडं बघत म्हणाली. "काल मी विचारलं त्याला, पोरीला देगूला का धाडतोस? म्हणाला, माझ्यासमोर तिला घास उतरत नाही, तर मी समोर नसलेला बरा. शिक्षा म्हणून धाडतो असं वाटलं तुला?"

मला तसंच वाटलं होतं. हारिनलाही तसंच वाटलं असणार.

त्या गोलात प्रत्येकजण दुसऱ्याला सांभाळत होता. सून सासूला, सासू सुनेला, साहेब दोघींना, मी मॅडमला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फसल्या होत्या एकट्या मॉरीनताई, आणि पोरीला वाचवायला जाऊ शकतील अशा त्याच एक होत्या.

"ती बाई वाईट नाही," हाल्मोनी म्हणाली. "पण मुलाला आईसमोर बसवून त्याच्या चुका काढतात का? तिच्याकडं चालत असेल." मग तिनं कागद गोळा केला. "इमो, तिचं घर तुला माहीत आहे ना? रिक्षा बोलाव."

"आत्ता? मॅडमला विचारून..."

"मी सगळ्यात मोठी आहे," ती म्हणाली. "मी कुणाला विचारू?"

खराडीहून कोरेगाव पार्क. सत्तर वर्षांची कोरियन बाई पहिल्यांदा रिक्षात बसली होती. एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं माझा पदर धरून ठेवला होता.

मॉरीनताई आम्हाला बघून दारातच थबकल्या. त्या खोलीत खुर्च्या तशाच गोल मांडलेल्या होत्या. हाल्मोनी आत गेली, खुर्च्यांकडं एकदा बघितलं आणि जमिनीवर बसली. मीही बसले. ताई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग त्याही खाली बसल्या.

हाल्मोनी बोलली, मी हिंदीत सांगितलं. या वेळी काही बदललं नाही. माझा डबा, माझा खोटेपणा, तोही सांगितला. सांगताना माझा आवाज फाटला, तेव्हा हाल्मोनीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

ताईंनी एकदाही वही उघडली नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तासभर इथं बसून काय बघत होते?"

"आम्ही जे दाखवलं ते," मी म्हटलं.

"आणि मी तिला सगळ्यांसमोर वर बघायला लावलं. तीनदा." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग उठल्या, फोन घेतला. "बाकीचं नंतर. आधी हॉस्पिटल. आजच. यांना विचारा, या आपल्या मुलाला सांगतील का?"

हाल्मोनीनं सांगितलं. मॅडमला बाजूला घेतलं नाही की साहेबांना बोल लावला नाही. साहेब जेवायला घरी आले, तेव्हा ती दारातच म्हणाली, "हारिनला दवाखान्यात न्यायचं आहे. मी ठरवलं आहे. देगूचं नाव मी जिवंत असेपर्यंत काढायचं नाही." साहेबांनी बूट काढले नव्हते. ते तसेच गाडीची किल्ली घेऊन वळले. आई बोलली होती, म्हणून त्यांना कुणापुढं काही कबूल करावं लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार कमी झाले आहेत, आणखी दोन आठवडे काढले असते तर सांगता येत नव्हतं. हारिन तिथं पाच आठवडे होती. ती वाचली, हे मी सांगून टाकते. अकरा वर्षं झाली याला. तिथं डॉक्टर होते, आहार ठरवणारी बाई होती, आणि मॉरीनताई रोज यायच्या. त्यांनी गोल परत मांडला नाही. एकेकाला वेगळं भेटायच्या, हाल्मोनीला सगळ्यांच्या आधी.

मी रोज दुपारी तांदळाची पेज घेऊन जायची. तेराव्या दिवशी मॅडम मला बाहेरच्या बाकावर भेटली. उभी राहिली. माझ्या हातातला डबा तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेत वाकली. नऊ वर्षांत ती माझ्यापुढं इतकी कधी वाकली नव्हती.

"इमो, तुम्ही फार केलं," ती म्हणाली. "उद्यापासून त्रास घेऊ नका."

"मॅडम, मी आईंना सांगितलं म्हणून..."

"तुम्ही फार केलं," ती परत म्हणाली, आणि वाकलेलीच राहिली, मी वळेपर्यंत.

माझं त्या घरातलं काम असं संपलं; तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. तिची पोर तिच्या हातून निसटत होती हे मी तिच्या सासूला सांगितलं होतं. पोर वाचली म्हणून ते पुसलं जात नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

जाताना मी हारिनच्या खोलीच्या दाराशी थांबले. दाराला काचेची पट्टी होती. मॉरीनताईही तिथंच उभ्या होत्या, आत जायच्या बेतात.

आत हारिन पलंगावर उशीला टेकून बसली होती. पुढ्यात ताट. साहेब कारखान्यातून तसेच आले होते, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि पलंगापासून दोन हातांवर ठेवली, पाठ पोरीकडं आणि तोंड भिंतीकडं. आणि ते बसले. समोर बघायला काही नव्हतं, पांढरी भिंत आणि विजेची बटणं. हात गुडघ्यांवर.

हारिन त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. खूप वेळ. सरळ, मान वर करून.

मग तिनं चमचा उचलला.

"हे काय करताहेत ते?" मॉरीनताई कुजबुजल्या. "तिच्याकडं पाठ करून? नाही, नाही. त्यांना वळवलं पाहिजे. तिला वाटेल..."

त्यांचा हात कडीवर गेला होता. मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, ताई."

"पण द्वारकाबाई..."

"राहू द्या."

आत साहेबांनी मान न वळवता काहीतरी विचारलं. हारिननं उत्तर दिलं. काचेतून ऐकू आलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि भिंतीकडं बघत बसून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ताईंनी ते बघितलं आणि कडीवरचा हात काढला.

हारिननं घास चावला. तिचा गाल फुगलेला राहिला नाही. मी तिच्या गळ्याकडं बघत होते. तो हलला, थांबला आणि परत हलला.